पुडीवरचा फोटो

दसरा तोंडावर आला की माझे हात पिवळे होतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तसेच राहतात. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. बाजारात कुणी विचारतं, काय हो, कुणाची हळद होती? मी म्हणते, सगळ्या तालुक्याची. पूर्वी हे सांगताना मला हसू यायचं. आता नुसतं सांगते.

मी उटणं करते. मंचरला हायवेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड आहे. तिथे एक दळायचं मशीन, एक पुड्या सील करायचं मशीन आणि आम्ही सात बाया. बचत गटातून सुरू केलं त्याला अकरा वर्षं झाली. आंबेगाव आणि जुन्नर, दोन्ही तालुक्यांत दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लोक जे उटणं लावतात, त्यातलं बरंचसं आमच्या शेडमधून गेलेलं असतं. लोकांना मात्र ते ठाऊक नसतं, कारण पुडीवर आम्ही नसतो. कुठल्या पुडीवर पतसंस्थेचा चेअरमन असतो, कुठल्या पुडीवर सोनार, कुठे दातांचा डॉक्टर, आणि निवडणूक जवळ असली तर पुढारीच पुढारी. पांढरा शर्ट, जोडलेले हात, दोन बाजूंना दोन पणत्या, भोवती झेंडूची माळ, खाली शुभेच्छा. आत आमची आंबेहळद.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिली दोन वर्षं आम्ही गटाच्या नावाने पुड्या केल्या, जत्रेत, प्रदर्शनात, एसटी स्टँडच्या बाहेर टेबल मांडून बसलो. दिवसभरात वीस-पंचवीस पुड्या जायच्या, तेवढ्यात आमचा वडापाव आणि येणं-जाणं निघायचं. मग एक चेअरमन आले. म्हणाले, ताई, पाच हजार पुड्या द्या, वर आमचं स्टिकर लावा, सभासदांना भेट द्यायचीय. आम्ही सातजणींनी त्या दिवशी पेढे वाटले. बसल्या जागी माल खपला होता.

त्याच सुमारास गटाच्या प्रशिक्षणाला पुण्याहून एक सर आले होते. त्यांनी फळ्यावर एक पहार काढली आणि तिच्या टोकाला मोठा धोंडा. म्हणाले, याला लिव्हरेज म्हणतात. दुसऱ्याच्या नावाचं वजन वापरा, त्याची गिऱ्हाइकं वापरा, तुमचा माल आपोआप उचलला जाईल. मी वहीत लिहून घेतलं. पहारीखाली टेकू म्हणून एक लहान दगड लागतो, तोही सरांनी काढला होता. त्या दगडाचं पुढे काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटायचं, पहार आमच्या हातात आहे. नऊ वर्षांनी कळलं, आम्ही तो दगड होतो.

एका निवडणुकीला तर गंमत झाली. दोन पुढारी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि दोघांच्याही ऑर्डरी आमच्याकडे होत्या. एकाच गच्चीवर कचोरा आणि नागरमोथा वाळत घातला, एकाच घाण्याचं दळण केलं, आणि डाव्या ढिगाला एकाचं तोंड, उजव्या ढिगाला दुसऱ्याचं. आमच्यातली एक बाई फार तोंडाळ. ती म्हणाली, "आता एका घरात दोन्ही आली तर अर्ध्या अंगाला हे लावायचं नि अर्ध्या अंगाला ते. पाठ कुणाकडं जायाची ते नवऱ्याला इचारायचं." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. अशी हसण्याची गोष्ट नंतर फारशी घडली नाही.

कारण जे फुकट मिळतं ते कोण विकत घेणार? दरवर्षी घराघरात चार-चार पुड्या येऊन पडायच्या. आम्ही गटाच्या नावाने थोड्या पुड्या दुकानात ठेवून बघायचो, त्या तशाच परत यायच्या. दुकानदार म्हणायचा, "ताई, लोकं म्हणत्यात पुढाऱ्याचं उटणं लई भारी हाय, ह्याला पैसं कशाला घालायचं?" ते भारी उटणंही आमचंच होतं. दुसरा कुणी असता तर फुकटच्या पुडीत मुलतानी माती जास्त घातली असती आणि विकायच्या पुडीत आंबेहळद. ऑर्डर देणारेच सांगायचे, करा हलकं, वाटायचंच तर आहे. पण बायांचा हात होईना. कुठल्या पुडीतलं कुठल्या लेकराच्या अंगाला लागणार हे कुणाला माहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही तेच. म्हणून सगळ्या पुड्यांत एकच माल जायचा, आणि आमच्याच मालाने आमचा माल मारला. धंद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते त्या सरांना विचारायचं राहून गेलं.

हे उटणं माझं नव्हे, माझ्या आईचं. आई मढला असते, माळशेजच्या रस्त्याला, माझ्या धाकट्या भावाजवळ. माझ्या लहानपणी ती रानातून कचोरा आणायची, आंबेहळद परड्यात लावलेली असायची, आणि दिवाळीआधी दहा-बारा दिवस घरात जात्याची घरघर चालायची. गावातल्या बाया एक पायली भात द्यायच्या आणि वर्षाचं उटणं घेऊन जायच्या. बाळंतिणीलाही तेच, नवरीलाही तेच. कुठल्या जिनसा किती घ्यायच्या ते तिने कधी मोजलं नाही. मूठ, चिमूट, ओंजळ असंच सगळं. मी वजनकाटा घेऊन तिच्याजवळ दोन दिवस बसले आणि तिच्या मुठीचं वजन करून घेतलं. तिला ते फार विचित्र वाटलं. म्हणाली, "माझी मूठ मोजतीस व्हय गं?"

तीच मूठ मी अकरा वर्षं विकली, आणि त्यातली नऊ वर्षं वर फोटो दुसऱ्यांचे लावले. आई ऐंशीच्या पुढे गेली. गेल्या वर्षापासून मला एकच गोष्ट खायला उठली होती. तिच्या डोळ्यांदेखत, एकदा तरी, तिची पुडी दुकानात लागावी आणि लोकांनी ती पैसे देऊन घरी न्यावी. बाकी काही नको. मी बायांना सांगितलं, यंदा दोन हजार पुड्या आपल्या. खपल्या तर पुढच्या वर्षी पुढाऱ्यांना अर्धाच माल द्यायचा. नाही खपल्या तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, मरेपर्यंत त्यांची तोंडं चिकटवीन. बाया हो म्हणाल्या. थकल्या होत्या त्याही.

आमची सगळी छपाई जुन्नरला होते. तिथे एका गल्लीत एक म्हातारे मुसलमान गृहस्थ आहेत, त्यांचा छापखाना. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. लग्नाच्या पत्रिका, दुकानांची बिलं, उरुसाची पोस्टरं, सगळं तिथेच होतं. पुढाऱ्यांच्या स्टिकरचा नमुनाही त्यांचाच. मी त्यांना म्हटलं, चाचा, यंदा आमची पुडी. ते म्हणाले, "मग फोटो कुणाचा टाकायचा? बगा ताई, लोकं नाव वाचीत न्हाईत, तोंड बगतात. तोंडाशिवाय पुडी हालत न्हाई."

मी म्हटलं, माझ्या आईचा.

आईचा फोटो म्हणजे एकच होता, बँकेच्या पासबुकासाठी ओतूरला काढलेला. भावजयीने मोबाइलवर नवा काढायचा प्रयत्न केला, पण मोबाइल समोर आला की आई तोंडाला पदर लावते. दात नाहीत म्हणून. तेव्हा पासबुकाचाच घेतला. डोक्यावरून पदर, समोर बघणारे डोळे, ओठ मिटलेले. आमच्या डोंगरकडच्या बाया फोटोत अशाच बसतात, जणू तलाठ्यासमोर जबानी द्यायला बसल्यात.

चाचांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "हसरा फोटो न्हाई का ताई?"

मी म्हटलं, हाच आहे, एकच.

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "मी चांगला करून देतो."

मी त्यांना पुढाऱ्याचाच नमुना घ्यायला सांगितलं. तीच झेंडूची माळ, त्याच दोन पणत्या. मला वाटलं, जे चेअरमनला शोभतं ते माझ्या आईला का शोभणार नाही? उलट जरा हट्टच होता त्यात. चाचांनी माळ जरा ठळक केली, पणत्यांना सोनेरी कड दिली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, आईच्या हातचं उटणं. डिझाइनचे पैसे देऊ लागले तर त्यांनी घेतले नाहीत. माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "आईच्या कामाचे कुठं घेतात?" मला भरून आलं. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय, असं मी एसटीत बसून मनाशी म्हटलं.

पुड्या फार सुंदर दिसत होत्या. शेडमध्ये त्या रांगेने लावल्या तेव्हा बाया गप्प झाल्या. मला वाटलं, कौतुकाने गप्प झाल्यात. तोंडाळ बाईसुद्धा काही बोलली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मंचर, नारायणगाव, ओतूर, अशा ठिकाणी किराणा दुकानांत पुड्या ठेवल्या. दसरा झाला. आठ दिवस कुणाचाच फोन नाही. मग ओतूरच्या दुकानदाराचा आला.

"ताई, ह्या पुड्या इकायच्या हायत का वाटायच्या?"

"विकायच्या. किंमत टाकली आहे मागे."

"तसं न्हाई," तो म्हणाला आणि अडखळला. "लोकं हातात घेत्यात, मला इचारत्यात, कवा गेल्या म्हणून. काय सांगायचं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कोण गेलं? तो बिचारा आणखी अडखळला आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी मंचरच्या बाजारातल्या दुकानात जाऊन उभी राहिले. बाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, दुकानात दिवाळीची गर्दी. मी तेलाच्या डब्यांशेजारी गिऱ्हाइकासारखी उभी. एक बाई आली, तिच्याबरोबर लग्नाची मुलगी. मुलीने आमची पुडी उचलली. बाईने ती तिच्या हातातून घेतली, फोटो बघितला, पुडी कपाळाला लावली आणि जिथली तिथे ठेवली. म्हणाली, "नगं बाई, सणाच्या पहिल्या आंघुळीला हे कशाला? कुणाच्या घरचं दुःख." पुढच्या फळीवर एका पुढाऱ्याच्या फुकट पुड्यांचं खोकं होतं, त्यातल्या दोन तिने पिशवीत टाकल्या.

मी तिच्या मागे जाऊन सांगणार होते की बाई, ती जिवंत आहे, मढला आहे, आज सकाळीच माझ्याशी बोलली. पण गेले नाही. मी पुडी हातात घेऊन पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितली. झेंडूची माळ, दोन दिवे, मधे पदर घेतलेली न हसणारी म्हातारी. आमच्याकडे वर्षश्राद्धाला लोक आलेल्या पाहुण्यांना काहीतरी वाटतात, स्टीलचा डबा, हरिपाठाची पुस्तिका, आणि त्यावर गेलेल्या माणसाचा असाच फोटो चिकटवलेला असतो. मी स्वतः असले किती डबे घरी आणलेत. पुढारी त्याच माळेत, त्याच दिव्यांत बसतो आणि कुणाला काही वाटत नाही, कारण त्याचं तोंड बारा महिने चौकात टांगलेलं असतं. म्हाताऱ्या बाईचं तोंड आमच्याकडे छापलं जातं ते एकदाच.

घरी येऊन मी चाचांना फोन केला. रागाने केला होता. म्हटलं, चाचा, तुम्ही आयुष्यभर छापता, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

 ते म्हणाले, "ताई, मला वाटलं आई गेल्या तुमच्या. तुमी आठवण म्हणून करताय. दुःखाच्या माणसाला कसं इचारायचं, कवा गेल्या नि काय झालं व्हतं? म्हणून मी गप बसलो. पैसं पण त्याच्याचमुळं घेतलं न्हाईत." आणि मग घाईघाईने म्हणाले, "अल्ला त्यांना लांब आयुष्य देवो. मला माफ करा."

म्हणजे त्यांच्या गल्लीत बसून ते माझ्या आईसाठी हळहळले होते. मी कुणावर रागवायचं? शेडमधल्या बायांनाही पुडी तशीच दिसली होती, असं दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांना आई जिवंत आहे हे माहीत होतं, म्हणून त्या अधिकच घाबरल्या होत्या. जिवंत माणसाला माळ घातली, हे तोंडावर कोण सांगणार? एकीने घरी जाऊन देवापुढे दिवासुद्धा लावला होता, आईला काही होऊ नये म्हणून. मला सोडून सगळ्यांना दिसलं होतं.

मग भावाचा फोन आला. तो ओरडतच होता. "आक्का, काय करून ठिवलंस तू? घरी मयताची माणसं आल्यात!"

झालं होतं ते असं. आईच्या माहेरकडच्या कुणीतरी ओतूरला पुडी बघितली आणि गावात जाऊन सांगितलं. एक जीप भरून माणसं मढला आली. पुरुष टोप्या घालून बाहेर ओट्यावर टेकले, बाया डोक्यावर पदर घेऊन दारातूनच रडत आत शिरल्या, जशी रीत आहे. आई पडवीत सुपात उडीद पाखडत बसली होती. तिला कमी दिसतं. रडत येणाऱ्या बाया तिने ऐकल्या आणि सूप बाजूला सारून तीही त्यांच्या गळ्यात पडली, रडायला लागली. आपल्या घरी रडत माणसं आली तर आपणही रडायचं, मग विचारायचं, एवढं तिला ठाऊक. बरंच रडून झाल्यावर तिने विचारलं, "कोण गेलं गं बाई?"

भावजयीने मला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. भावाला काही हसू आलं नव्हतं. त्याला वाटत होतं, हा अपशकुन आहे आणि तो मी पैशासाठी केला. त्याने तसं म्हटलंही.  त्याला काय सांगायचं, यातून एक रुपयाही सुटलेला नाही म्हणून? तेही खोटंच वाटलं असतं.

तेवढ्यात चेअरमनच्या माणसाचा निरोप आला. सभासद वाढलेत, आणखी दोन हजार पुड्या हव्यात, चार दिवसांत. दळलेला माल संपला होता, नवा वाळवून दळायला वेळ नव्हता. दोन हजार पुड्यांचं उटणं होतं ते एकाच ठिकाणी, आईच्या पुड्यांत. बायांनी दुकानांतून सगळ्या पुड्या परत आणून शेडमध्ये गोण्यांत भरल्या होत्या. फाडून ओतायचं आणि चेअरमनच्या पुडीत भरायचं, एक दिवसाचं काम. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सणाला घरी चार पैसे न्यायचे होते त्यांना, आणि ते या ऑर्डरीतूनच मिळणार होते. मी म्हटलं, उद्या सांगते. मला आधी आईला भेटायचं होतं. तिची माफी मागायची होती, आणि तिला न विचारता तिचं तोंड फाडायचं नव्हतं.

मढला उतरले तेव्हा दुपार झाली होती. खाचरांत भातकापणी चालू होती, भाऊ आणि भावजय तिकडेच. आई एकटी पडवीत. मी तिच्या पायांशी बसले. तीच म्हणाली, "ती पुडी आणलीस का? मला कुणी दाखवीना."

मी पिशवीतून एक पुडी काढून तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. फोटोवरून अंगठा फिरवला. मग पुडी नाकाला लावली आणि बराच वेळ वास घेतला.

"बरा जमलाय," ती म्हणाली. "कचुरा थोडा कमी पडलाय."

"आई, चूक झाली माझी."

"कशाची?"

मी तिला सगळं सांगितलं. दुकानातली बाई, चाचा, शेडमधल्या बाया. तुझी पुडी तुझ्या डोळ्यांदेखत खपावी म्हणून केलं होतं, असंही सांगितलं. ती ऐकत होती, मधूनच सुपातला खडा वेचून टाकत होती. शेवटी तिने विचारलं, "मंग इकल्या किती?"

"एकही नाही."

"एक बी न्हाई?"

"नाही."

तिने मान हलवली. तिला वाईट वाटलं ते मला दिसलं. माळेचं नाही, दिव्यांचं नाही, अपशकुनाचं तर नाहीच. तिचं उटणं कुणी अंगाला लावलं नाही, याचं. इतकी वर्षं मी तिला सांगत आले होते की तुझं उटणं सगळा तालुका लावतो. तिचा फोटो लावला आणि ते बंद झालं.

"आता काय करायची ती पुडकी?" तिने विचारलं.

"फाडते म्हणून विचारायला आले. चेअरमनला पाहिजेत."

"फाडू नगंस." ती ताबडतोब म्हणाली. "एवढं छापलंय, कशाला फाडायचं? ठिव तशीच. माझ्या तेराव्याला वाटायला व्हतील. तेवढाच खर्च वाचंल तुमचा."

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या घरात कधी काही वाया गेलं नाही, जुन्या लुगड्याच्या गोधड्या झाल्या, गोधड्यांच्या चिंध्या, चिंध्यांची पायपुसणी. तिच्या दृष्टीने दोन हजार पुड्या तयार होत्या आणि त्यांचं काम पुढेमागे निघणार होतं. आणि मी, तिची लेक, काय केलं? माझ्या हाताला सवयच लागलेली. मी पुडी तिच्याकडून घेतली, उलटी केली, मागची तारीख बघितली आणि बोलून गेले, "नाय टिकायचं आई. वर्षभरात वास उडून जातो याचा."

बोलल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. 

आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मंग वरसाच्या आत उरकू की," ती म्हणाली, आणि उडीद पाखडायला लागली.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती एका हाताने मला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने सूप सांभाळत होती. माझं रडणं तिला कळलं नाही असं नाही, पण तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. चहा ठेव म्हणाली, भाऊ खाचरातून येईल. मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेडवर पाऊल ठेवताच मी बायांना म्हटलं, फाडा. सगळ्या फाडा, एकसुद्धा शिल्लक ठेवू नका. त्या कात्र्या घेऊन बसल्या, पण फोटोवरून कुणाची कात्री जाईना. मग त्यांनी प्रत्येक पुडीची खालची कड तेवढी कापली आणि उटणं परातीत ओतलं. मी कचोरा थोडा वाढवला. रिकाम्या पुड्या चाचा येऊन घेऊन गेले, त्यांचं काय केलं ते मी त्यांना विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळा माल चेअरमनच्या पुड्यांत गेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा फोटो मनापासून चिकटवला.